आरशाने आणलेलं ऊन

हलिमाबी आठवली की आधी भिंतीवर ऊन हलतं. पेठेतल्या लहानशा दवाखान्याच्या मागच्या खोलीला पूर्वेकडे एकच खिडकी होती, आणि सकाळी दहाच्या सुमारास तिच्यातून तिरपा उतरणारा निर्मळ प्रकाश ती वीतभर आरशात धरून हवा तिथे नेत असे. तो तुकडा आधी चुन्याच्या भिंतीवरून फिरे, मग आढ्याला जाऊन येई, मग टेबलावर निजलेल्या बाईच्या धास्तावलेल्या चेहऱ्यावर क्षणभर थांबे. बाई डोळे मिचकावून हसली की हलिमाबी कामाला लागायची. श्रावणात आभाळ गच्च भरलं की ती खिडकीशी बसून ढगांना मनसोक्त शिव्या घालायची. कंदिलाच्या उजेडात सगळंच तांबडं दिसतं, अशी तिची तक्रार होती.

ती दवाखान्यातली सुईण. महाराज गादीवर होते, खासबागेत कुस्तीच्या मैदानाचं बांधकाम चाललं होतं, आणि मी नुकती सासरी आले होते, त्या काळची ही बाई. ठेंगणी, गोरी, पानाने ओठ सदा रंगलेले, आणि चाल अशी झपाझप की तिच्या बांगड्यांचा आवाज तिच्या मागून येतोय असं वाटावं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली ती शिकली होती. बाळंतपणं ती करायचीच, पण तिचं बारीक लक्ष असे ते बाळंतपणं सरलेल्या बायकांवर. गर्भाशयाच्या तोंडाशी येणारं दुखणं पहिल्यांदा दुखतच नाही, नुसता अवेळी डाग दाखवतं, आणि दुखायला लागतं तेव्हा हातातून गेलेलं असतं, हे तिने फार जवळून पाहिलं होतं. म्हणून ते लहान असतानाच गाठायचं, हा तिचा ध्यास.

त्यासाठी तिची एक युक्ती होती. त्या काळी महिन्याचे तीन दिवस बाई परसात बाजूला बसायची. कुणी शिवायचं नाही, पाणीसुद्धा वरून वाढायचं. त्या रीतीने आम्हां बायकांना पुष्कळ छळलं, पण हलिमाबीला तिचा उपयोग पंचांगासारखा व्हायचा. ती दवाखान्यात जायची ती मुद्दाम परसांच्या बोळातून. बुटक्या भिंतींवरून कोण कुठे बसलंय ते हेरायची, आणि पंधरा दिवसांत तीच बाई पुन्हा दिसली की पदराच्या टोकाला एक गाठ मारायची. ती बाई दवाखान्यात येऊन तपासून गेल्यावरच ती गाठ सुटायची. तिचा पदर कधी सरळ पाहिल्याचं मला आठवत नाही.

अशीच एक गाठ आमच्या आत्याबाईंच्या नावाची पडली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई; धिप्पाड, तोंडाने फटकळ, आणि मनाने साखरेचं पोतं. मला आई नव्हती, ती त्यांच्यात मिळाली. त्यांचं बाजूला बसणं सुटून सहा वर्षं झाली होती. एका सकाळी मात्र त्यांनी घोंगडं उचललं, कावळा शिवला म्हणून जाहीर केलं आणि परसात जाऊन बसल्या, त्याही मोठ्या दिमाखात. शेजारणी भिंतीवरून डोकावून चेष्टा करू लागल्या, की आता पाळणा काढा माळ्यावरचा. आत्याबाईंना ती चेष्टा गोड लागे. देवाने माघारी तरणं केलं आणि वर तीन दिवसांची विश्रांती दिली, असाच त्यांचा समज. विश्रांती त्यांना, शिक्षा मला. कारण घरची म्हैस त्यांच्या हाताशिवाय पान्हा सोडेना, आणि माझ्या नडगीवर तिच्या लाथेची काळीनिळी नक्षी उठली.

महिन्याभरात त्या तिसऱ्यांदा बसल्या, तेव्हा हलिमाबी बोळातून पुढे गेली नाही. परसाचं दार लोटून आत आली आणि सरळ त्यांच्या घोंगडीवर टेकली. मी दचकले. बाजूला बसलेल्या बाईला शिवायचं नाही, आणि हिने तर त्यांचा हातच हातात घेतला होता. तिने समजावलं की गेलेलं वय असं परत येत नसतं, हे दुसरंच काही असू शकतं, एकदा दवाखान्यात येऊन जा. आत्याबाईंचा चेहरा पडला आणि लगोलग रागाने फुलला. सात पिढ्यांत कुणी असलं दाखवलं नाही आणि मीही दाखवणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले, आणि चुलीपुढे बसून रडले.

हलिमाबी रोज यायला लागली. दवाखान्याचं नावसुद्धा काढायची नाही. पान लावायची, गावच्या गप्पा सांगायची. आत्याबाई परसातलं बसणं संपवून गोठ्यात गेल्या त्या सकाळीही ती हजर होती. दूध काढण्याआधी आत्याबाई म्हशीची कास चारी बाजूंनी चाचपत होत्या, कुठे कडकपणा, कुठे खडा लागतो का म्हणून. ती त्यांची रोजची सवय होती.

"आक्का, म्हस आजारी हाय व्हय?" हलिमाबीने विचारलं.

"आजारी पडूने म्हनून तर बघतो की रोज. कास सुजून दगडी झाल्यावर बघून काय उपेग?"

हलिमाबी पान चघळत त्यांच्याकडे बघत राहिली. आत्याबाईंचे हात कासेवरच थांबले. मग त्या म्हणाल्या, "उद्या येतो मी. पर ही पोरगी संगट पायजे."

असा तो आरसा माझ्या हाती आला. खिडकीशी उभं राहून मी ऊन आत पाठवायचं होतं, आणि उजेड काही केल्या एका जागी ठरेना. "नीट धर गं. तुज्या सासूचं आयुष्य हाय त्या उजेडात," हलिमाबी हळूच म्हणाली, आणि मी आरसा दोन्ही हातांनी खिडकीच्या चौकटीला टेकवून धरला. तिने पाहिलं, पुन्हा पाहिलं. मसुरीच्या डाळीएवढी एक जागा होती, कापसाचा बोळा लागताच रक्त येणारी. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तेवढा भाग काढून टाकला. अजून लहान होतं, पसरलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं तेव्हा हलिमाबीने तिथेच माझ्या पाठीत आनंदाने असा धपाटा घातला की मला ठसका लागला. आत्याबाईंनी तर पुढे पेठेतल्या बायकांना हाताला धरून दवाखान्यात न्यायचा सपाटाच लावला.

हलिमाबीला जाऊन आता फार वर्षं झाली. तिचा फोटो कुणी काढला नाही. आत्याबाई तिच्यामागे पुष्कळ जगल्या. माझी चारही मुलं त्यांच्या मांडीवर वाढली, थोरल्या नातीच्या लग्नात त्यांनी सगळ्यांना दटावत पंगती वाढल्या, आणि एका चैत्रातल्या दुपारी जेवून निजल्या त्या उठल्याच नाहीत. समाचाराला आलेला जो तो मला विचारत होता, काय झालं होतं त्यांना? काही नाही, काहीसुद्धा झालं नव्हतं, असं मी प्रत्येकाला सांगत होते, आणि सांगता सांगता माझे डोळे भरून येत होते. आलेल्या मरणाची तिथी घरोघर पाळतात. जे मरण आलंच नाही, त्याला तिथी नसते, आणि ते वाटेतून परतवणारीची आठवण एखाद्या म्हाताऱ्या सुनेजवळ तेवढी उरते.