टाकीच्या तोंडावर

नाथाजी हवालदार पलटणीतून निवृत्त होऊन आले आणि कुंडलजवळच्या एका डिस्टिलरीत आग विझवणाऱ्या पथकात लागले. गाव त्यांचं रहिमतपूरकडं. पण धाकटी बहीण विजयमाला कुंडलात दिलेली, तिचा नवरा लवकर गेलेला. तिच्या दोन पोरांजवळ आपण असावं म्हणून त्यांनी ही नोकरी धरली होती. थोरला भाचा आकाराम त्यांच्याच शब्दावर डिस्टिलरीच्या सांडपाणी विभागात लागला. धाकटा साईराज बरीच वर्षं सैन्यभरतीच्या मागं पळाला, छातीच्या मापात काही बसला नाही, आणि शेवटी भावाबरोबर साफसफाईच्या टोळीत येऊ लागला.

मळीपासून अल्कोहोल काढलं की मागं काळं, आंबट वासाचं पाणी उरतं. त्याचा गाळ जमिनीत बांधलेल्या एका खोल टाकीत साठतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी ती टाकी उपसावी लागते. त्या गाळात विषारी गॅस दबून असतो, सडक्या अंड्यासारखा वास येणारा. थोडा असला तर नाकाला कळतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं गॅस गेला. टोळीला हे सगळं दर वर्षी सांगितलं जाई. सांगणारे अवधूत साहेब, सांगलीचे, सुरक्षा अधिकारी. सांगायचे ते मनापासून.

त्या दिवशी सकाळीही त्यांनी स्वतः दोरीला बांधून गॅस मोजायचं यंत्र टाकीत सोडलं होतं. हवा फेकणारा मोठा पंखा लावला होता. आकडे ठीक आले, माणसं दोरीचे पट्टे बांधून उतरली, पंपाचा पाईप आत सोडला, गाळ ढवळला, बादल्या वर आल्या. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा कुणीतरी पंखा बंद केला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आत माणूसच नव्हतं. पण ढवळलेला गाळ खाली तसाच होता, आणि त्यातून गॅस सुटत राहिला.

आकाराम सगळ्यांच्या आधी हात धुऊन उठला.

"पंपाचा पाईप जरा सरकवून येतो," म्हणाला. "तवर तुमी या."

पट्टा बांधला नाही, पंखा लावला नाही. एवढ्याशा कामाला काय, असं त्याला वाटलं असणार. चार पायऱ्या उरल्या असतील तेव्हा त्याचे हात शिडीवरून सुटले.

"दाद्या!" अशी साईराजची हाक टोळीबरोबर जेवत बसलेल्या नाथाजींनी ऐकली. ते पळत आले तेव्हा साईराजचा एक पाय शिडीवर होता. नाथाजींनी मागून त्याच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला घेऊन ते तसेच मागं, टाकीच्या काठालाच जमिनीवर पडले.

"सोडा मामा! हलतोय त्यो! हात हलतोय बगा त्येचा!"

नाथाजींनी मान वळवून आत पाहिलं. आकाराम गाळात कुशीवर पडला होता आणि त्याचा हात खरंच हलत होता. बोटं उघडत होती, मिटत होती.

"सेट आणा!" ते ओरडले. "सेट आणा रं कुणीतरी!"

पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मुखवटा असा तो सेट. तो असायचा आग विझवायच्या शेडमध्ये, कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला. अवधूत साहेब पळाले. बूट घसरून पडले, उठून पुन्हा पळाले.

साईराज तरणाबांड गडी. तो मामांच्या हाताला चावला, डोक्यानं त्यांच्या हनुवटीवर मारलं, शिव्या दिल्या. पलटणीत कमावलेली होती नव्हती तेवढी ताकद लावून नाथाजींनी त्याला दाबून धरला. टोळीतली माणसं नुसती बघत उभी होती. टाकीच्या तोंडाकडं पाहायचं नाथाजींनी टाळलं, पण आत हात हलायचा थांबला तो साईराजला दिसला. त्याचं अंग एकदम ढिलं पडलं.

सेट आला तेव्हा टोळीतल्या दोघांनी साईराजला धरलं आणि नाथाजी उतरले. भाच्याला दोरीला बांधून त्यांनी वर पाठवला. वर त्याची छाती दाबली, तोंडाला हवा लावली, गाडीत घालून सांगलीला सरकारी दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी तपासून नुसती मान हलवली.

गावात बोललं जायचं ते बोललं गेलंच. भाऊ उडी मारत होता, मामानं धरलं. पोरगं डोळ्यांदेखत तडफडलं. आकारामची बायको पल्लवी कुणाशी बोलेना. दिवस घालायला नाथाजी गेले, तेव्हा साईराज उठून मागच्या दारानं रानात निघून गेला.

मग चौकशी लागली. सरकारी अधिकारी यायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी नाथाजींना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. चहा मागवला, खुर्ची पुढं केली.

"हवालदार, तुम्ही पोचलात तेव्हा हालचाल थांबलेली होती, एवढंच सांगा. म्हणजे सेट उशिरा आला हा मुद्दाच उरत नाही. अवधूत साहेबांची नोकरी वाचेल. आणि खरं सांगू? तुमच्याही घरात शांतता होईल. पोराला वाटेल, भाऊ आधीच गेला होता."

नाथाजी घरी आले आणि त्यावर विचार करत बसले. शेवटचं बोलणं त्यांना लागलं होतं. साईराजला तसं वाटलं तर कदाचित तो पुन्हा दारात येईल. पण ज्या पोरानं स्वतःच्या डोळ्यांनी हात हलताना पाहिला, त्याला तू पाहिलंस ते खोटं, असं सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी अधिकाऱ्याला सांगितलं, "हात हालत हुता. सेट टाकीच्या तोंडाशी असता तर कदाचित वाचला असता. पंखा चालू असता तर पडलाच नसता."

अवधूत साहेब शेजारी बसले होते. "बरोबर आहे," एवढंच ते म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांना काढून टाकलं. जाताना ते नाथाजींच्या खोलीवर आले आणि दारातच उभे राहिले.

"सेट तिथं ठेवा असं मीच सांगायला हवं होतं, हवालदार. सकाळी आकडे चांगले आले आणि मी निर्धास्त झालो."

"बसा साहेब."

पण ते बसले नाहीत.

जबाब गावात पोचला तसा साईराज खोलीवर आला.

"मामा, म्हंजे तुमी बगितलं हुतं."

"व्हय."

"जित्ता हाय हे कळत हुतं तुमास्नी."

"व्हय रं."

"तरीबी धरलं मला."

"तू शिडीवरच पडला असतास, साईराज. मग मला दोघांस्नी वर आणायला लागलं असतं. दुसऱ्यासाठी सेटमधी हवा उरली नसती."

"ते तुमास्नी म्हाईत," साईराज म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मला न्हाई म्हाईत. मला आता कवाच कळणार न्हाई."

तो कागलला एका फौंड्रीत लागला. तिथनं आईला फोन करतो, गावाला येत नाही.

डिस्टिलरीत आता सेट टाकीशी आणून ठेवल्याशिवाय झाकण उघडत नाहीत, आणि जेवणानंतर पुन्हा गॅस मोजतात. हे सगळं नाथाजींनी लावून दिलं आणि मग नोकरी सोडली. रहिमतपूरला निघायच्या आधी ते बहिणीकडं गेले. विजयमालेनं पाणी दिलं, चहा दिला, आणि चुलीजवळ पाठ करून उभी राहिली.

"अण्णा, तू धरलास म्हणून माजा एक तरी हाय," ती म्हणाली. "हे मला कळत न्हाई असं न्हाई. लय कळतंय."

नाथाजींनी कप खाली ठेवला.

"पर तुजं त्वांड बगितलं की मला त्यो हातच दिसतोय. मी बगितला न्हाई, तरीबी दिसतोय. थोडं दिस येऊ नकोस."

"किती दिस, विजे?"

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. पल्लवीची लहानगी उंबऱ्यात येऊन आजोबांच्या पिशवीत काय आहे ते बघू लागली. त्यांनी बिस्किटाचा पुडा तिच्या हातात दिला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चपला घातल्या. स्टँडवर गाडी उभीच होती. खिडकीजवळची जागा रिकामी होती, तरी ते मधल्या बाकावर बसले. तिथनं बाहेरचं काही दिसत नव्हतं.