ओसरीतला फोन

"काका, फोन पलंगापाशीच बसवतो. रातच्याला उठायचं काम न्हाई," लाइनमन पंडित खांद्यावरचं वायरचं वेटोळं उतरवत म्हणाला.

"न्हाई, ओसरीत बसव. येनाऱ्याला संकोच वाटाया नको," बन्सीधरकाका म्हणाले.

पंडितनं दोन फोन आणले होते. एक नवा, बटणांचा. त्याची घंटी पाखरू बोलावं तशी. दुसरा काळा, धोंड्यासारखा जड. काकांनी दोन्हींची घंटी ऐकली आणि काळा ठेवून घेतला. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला पाहिजे, ही त्यांची अट. तबकडीला पंडितनं बारकं कुलूप घातलं. आता बाहेरून फोन येणार होता, इथून कुणाला करता येणार नव्हता.

"तुमाला करायचा आसंल तर ही किल्ली."

"मला कुनाला करायचाय? येऊ दे, येऊ दे."

खरंच, करायचा कुणाला? कापसाच्या जिनिंगमधली मापाडीची नोकरी संपली, पाठोपाठ पत्नी नर्मदाबाई गेल्या, मूलबाळ नव्हतं. गावात, वालूरला, नवं टेलिफोन एक्स्चेंज आलं तसा काकांच्या डोक्यात किडा वळवळला. फोन घ्यावा, गल्लीला नंबर वाटावा, म्हणजे घरात माणसांचा राबता सुरू होईल. माणसं हवी होती त्यांना, दुसरं काही नाही. गल्लीनं आपापल्या सोयऱ्यांना नंबर कळवला, पुढं 'पी. पी.' लावून. पी. पी. म्हणजे शेजारच्याचा फोन. फोनवाल्यानं धावत जाऊन बोलावून आणायचं. काकांनी ओसरीत सतरंजी अंथरली, चहाची जादा पूड आणून ठेवली.

एक गोष्ट मात्र त्या शहाण्या माणसाच्या ध्यानातच आली नव्हती. बारसं, सोयरीक यांना पत्र पुरायचं. फोन करायचा तो कुणी गेल्यावरच, आणि तेही कुणी सरळ सांगत नसे. "तब्येत जास्त हाय म्हना, लगेच निघा म्हना," एवढं बोलून पलीकडचा माणूस ओझं काकांच्या गळ्यात घालायचा. पालमला गल्लीतल्या सूर्यभानची बहीण गेली, तेव्हा काका 'तब्येत जास्त हाय' एवढंच म्हणाले. सूर्यभाननं त्यांचं तोंड बघूनच गळा काढला. खोटं बोलणं काकांना जन्मात जमलं नव्हतं. मग माणिकरावांचा भाऊ गेला. मग कस्तुराबाईंची आई. सतरंजीवर कुणी टेकलंच नाही. लोक रडत थेट स्टँडकडं पळाले.

संक्रांतीला काका तिळगूळ घेऊन सरजाबाईंकडं गेले. त्यांचा मुलगा आश्रुबा ऊसतोडीला गेलेला. काका उंबऱ्यात दिसले आणि बाईंच्या हातातली परात खणकन पडली.

"काय झालं माझ्या आश्रुबाला?"

"काई न्हाई झालं, वैनी! तिळगूळ आनलाय."

बाई मटकन खाली बसल्या. हसल्या, मग हमसून रडल्या. शेवटी तिळगूळ घेतला, पण बसा म्हणाल्या नाहीत.

"भाऊजी, राग मानू नका. पर तुमी आसं दारात नका येत जाऊ. काळजाचं पानी व्हतंय."

काका तसेच पंडितकडं गेले. "तुझा फोन काढून घेऊन जा."

"काय म्हनायलाव, काका? काढतो की. पर उद्या कुनाचं कोन गेलं तर मातीला पोचायचं कसं मानसानं?"

काका आल्या वाटेनं घरी परतले. फोन राहिला. नर्मदाबाई गेल्या त्या दिवशीही इतकं एकटं वाटलं नव्हतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी ज्वारीचा डबा घेऊन ते गिरणीला निघाले. गल्लीत शिरताना खाकरले आणि मोठ्यानं म्हणाले, "फोन न्हाई आला! दळनाला चाललोय."

आतून "बरं, बरं" आलं. बाहेर कुणी आलं नाही. दारोदार तेच सांगत ते पुढं गेले. टोकाचं घर ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेलं, दिवाळीपासून बंद. तिथंही काका थांबले.

"फोन न्हाई," ते हळूच म्हणाले. "मीच हाय."