नाव नसलेली जाळी

लंकाबाईंच्या घरात बिननावाचं एकही भांडं नव्हतं. नवरा सहादू चाळीस वर्षं भांडी बाजारात भांड्यांवर नावं घालायचा. हंडा असो की चहाचा चमचा, नाव आणि तारीख घातल्याशिवाय वस्तू उंबरा ओलांडत नसे. "बिननावाचं टिकत नाही," तो म्हणायचा. तो जाऊन नऊ वर्षं झाली, तरी घरात कायदा त्याचाच चालू होता.

म्हणून डॉक्टर ज्योत्स्ना जेव्हा म्हणाल्या की, गुडघ्याखालच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीत मॅग्नेशियमची जाळी बसवू, ती वर्षभरात आपोआप विरघळून जाईल, तेव्हा लंकाबाईंना नवल वाटलं नाही.

"जाणारच. नाव कुठं घातलंय?"

"आजी, ती रिफिलएवढी बारीक असते."

"आमच्या ह्यांनी बाळाच्या वाळ्यावर नाव घातलंय. त्यांच्या हाताखालचा भारत आहे, त्याला मशीन घेऊन बोलवा."

"तिचं काम वर्षभराचंच, आजी. मग ती नकोच."

"म्हणजे भाड्याचं भांडं? त्याच्यावरपण मंडपवाल्याचं नाव असतं."

मुलगा धम्मपाल रडकुंडीला आला. "आई, अंगठा काळा पडलाय! उद्या पाय कापला तर त्याच्यावर नाव घालत बसशील का?"

"बिननावाचं आत जाणार नाही," म्हणून लंकाबाईंनी संमतीचा कागद परत केला.

तेवढ्यात सविता सिस्टर अंगठ्याची पट्टी बदलायला आली. तिनं लुगडं जरा वर सरकवलं. "आजी, पोटरीवर हे काय गोंदलंय?"

लंकाबाई वाकून बघू लागल्या. हिरवट, फिकट अक्षरं: 'सौ. लंका सहादू, ता. ४-५-७३'. नव्या लग्नात सिन्नरच्या बाजारात सहादूनं स्वतः पेनानं अक्षरं काढून दिली होती आणि गोंदणारीनं गिरवली होती. गर्दीत बायको हरवू नये म्हणून. इतक्या वर्षांत वाकून बघणंच झालं नव्हतं.

त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"सविता, डब्यावर नाव असलं की आतल्या साखरेवर घालतात का गं?"

"नाही, आजी."

"मग विरघळू दे. आण तो कागद."

वर्षानं लंकाबाई भांडी बाजारातून चालत तपासणीला आल्या. डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "रक्त छान वाहतंय. जाळी मात्र आता कुठंच दिसत नाही."

लंकाबाईंनी पोटरी त्यांच्याकडे वळवली.

"डबा तर जागेवर आहे ना?"