खिडकीपाशी हलवलेली खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, जपानमधल्या ताजिमी गावच्या टाइल्सच्या कारखान्यातली. मित्रांनो, माणसं तोंडाने काहीही सांगोत, मला त्यांच्या पाठीवरून खरं कळतं. कामात रमलेला माणूस मागे रेलतो. धास्तावलेला कडेवर टेकतो, कधीही उठायच्या तयारीने.

कुझुया-सान टाइल्सचे रंग पारखायचे, तेही ऐटीत रेलून. माझ्या पाठीला त्यांच्या पाठीचाच आकार आला होता.

"तुम्ही गेलात तर ही खुर्ची रडेल हो!" शेजारच्या उकाईबाई चिडवायच्या.

"जातोय कोण? हिच्या आधी मीच मोडेन."

मग एक भट्टी बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. आणि एका सकाळी हाचिसुका साहेबांनी आम्हा दोघांना खिडकीपाशी हलवलं. कारण सांगितलं नाही. आमच्याकडे ज्याला तोंडावर 'निघा' म्हणवत नाही, त्याला खिडकीपाशी बसवतात. कंटाळून तो आपणच जातो.

कुझुया-सान पांढरेफटक पडले.

"अहो, साहेबांना विचारा ना," उकाईबाई पुटपुटल्या.

"आणि ते 'हो' म्हणाले तर?"

तेव्हापासून ते कडेवर टेकू लागले. डोळे टाइलवर, कान मागच्या पावलांवर. एकच टाइल तीनतीनदा उचलायचे, तरी नजर तिच्यावर ठरायची नाही. अखेर एका सार्वजनिक न्हाणीघराच्या निळ्या टाइल्समध्ये हिरवट टाइल्सची खोकी निघून गेली. भिंत उभी राहिली ती ठिगळं लावल्यासारखी! सगळा माल परत आला.

साहेब तरातरा आले. "कुझुया-सान, तुमच्या नजरेतून हे सुटलं? खिडकीची जागा तुम्हाला कशासाठी दिली?"

"मला ठाऊक आहे, साहेब." कुझुया-साननी वाकून राजीनाम्याचं पाकीट पुढे केलं.

साहेब पाहतच राहिले. "राजीनामा? अहो, उजेडासाठी दिली! दिव्याखाली रंग फसवतो म्हणून! एवढंही सांगावं लागतं होय?"

माझी तर चाकं थिजली. एवढी भीती, एवढं नुकसान, आणि कारण काय, तर ऊन!

साहेबांनी पाकीट परत कुझुया-सानच्या खिशात कोंबलं. उकाईबाईंनी धीर करून विचारलं, "आणि भट्टीचं काय, साहेब?"

"ते ठरलं की सांगेन."

मित्रांनो, कुणाची खुर्ची हलवलीत, तर का हलवली ते त्याच क्षणी सांगा. ठरलं नसेल, तर कधी ठरेल तेवढं तरी सांगा. कुझुया-सान रोज येतात, भरपूर उजेडात बसतात. पण अजून कडेवरच. माझी पाठ रिकामीच असते.