पुढच्या दाराची घंटा

आमच्या व्हरमाँटच्या डोंगरात बर्फ वितळायला लागलं की रस्त्यांची राबडी होते. म्हणून घरोघरी मागच्या दाराला चिखलखोली असते. बूट, कोट, कुत्रा, सगळं तिथं. घरचा माणूस तिथूनच आत येतो. पुढचं दार पाद्र्यासाठी, विमेवाल्यासाठी आणि शवपेटीसाठी.

माझी शेजारीण कोरिन हिनं गेल्या वर्षी त्या खोलीत पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत फरश्या बसवल्या. मी म्हटलंही, "अगं, समोर गोठा आणि पांढरी फरशी? हौसेला मोल नसतं, पण अक्कल तरी असावी!" ऐकेल ती कोरिन कसली.

तिचे सासरे एल्सवर्थ रस्त्यापलीकडच्या छोट्या घरात एकटे राहतात. गाईंचं आटोपलं की रोज सकाळी तसेच, चिखलाच्या बुटांनी, मागच्या दारानं कॉफीला यायचे. एकदा कोरिन फरशी पुसून नुकती उठली होती, तेवढ्यात ते आले. ती कडाडली, "डॅड, हे घर आहे, गोठा नाही!"

ते कॉफी न घेताच परत गेले.

दुसऱ्या सकाळी पुढच्या दाराची घंटा वाजली. कोण गेलं बाई, म्हणत कोरिननं दार उघडलं, तर एल्सवर्थ! पायात चर्चला घालायचे बूट, टोपी हातात. म्हणाले, "कॉफी असेल तर घेईन म्हणतो."

ज्या घराची फळी न् फळी त्यांनी स्वतः ठोकली, तिथं ते सोफ्याच्या कडेवर पाहुण्यासारखे बसले. मग रोज तसंच. "माझ्या बापाला पाहुणा केलास," एवढंच तिचा नवरा ड्वेन म्हणाला. कोरिन माफी मागायला तोंड उघडायची आणि "साखर देऊ?" असं विचारायची.

शेवटी ती मला घेऊन फरशीच्या दुकानात गेली. दुकानदारानं रबर दाखवलं, लाकडासारखं दिसणारं प्लॅस्टिक दाखवलं. ही प्रत्येकावर एकच विचारी, "चिखल दिसेल का?" अखेर आपल्याच डोंगरातला काळा पाटीचा दगड पसंत पडला. खरखरीत, पाय न घसरणारा, ओलं फडकं फिरवलं की साफ.

फरशी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरात होते. घंटा वाजली. कोरिन आतूनच ओरडली, "पुढचं दार अडकलंय, डॅड! मागनं या!"

ते वळसा घालून आले आणि उंबऱ्याबाहेरच चर्चचे बूट काढू लागले. वाकून त्यांनी दगडावर हात फिरवला.

"छान आहे. चिखल दिसत नाही यावर."

"म्हणून तर घेतली, डॅड."

"हं. म्हणजे मी येऊन गेलो तरी कळायचं नाही."

कोरिनचा चेहरा उतरला. "मी चुकले, डॅड," ती कशीबशी म्हणाली. "ते बूट नकोत. गोठ्यातले घालून या. पहिल्यासारखे."

ते निघून गेले. कॉफी निवली. आता येत नाहीत, असं मलाही वाटलं.

मग घंटा न वाजता मागचं दार उघडलं. एल्सवर्थ घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले बूट घालून नव्या दगडावर उभे होते. कोरिन हसली, खरंच हसली. आणि हसता हसता तिचा हात सवयीनं भिंतीला टेकवलेल्या पोछ्याकडे गेला.

त्यांनी ते पाहिलं. मागे सरले आणि पायपुसण्यावर बूट घासू लागले.

"राहू द्या ना, डॅड," ती म्हणाली. "पुरे. डॅड, पुरे ना."

ते घासतच राहिले.