भरलेल्या तांब्याची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना तांब्या आहे आणि आज मी भयंकर रागावलेलो आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळुवारपणे सांगावी, मधूनच एक सुस्कारा सोडावा, असा रिवाज आहे म्हणे. मला ते जमणार नाही. माझ्या पोटात पाणी कमी आणि राग जास्त आहे.

बेळगावातल्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. माझ्या अंगावर हातोडीचे ठसे अजून आहेत. बोरगावची रुक्माबाई लग्न होऊन वडगावला विणकरांच्या घरात आली, तेव्हा तिच्या रुखवतात मी होतो. नवरा मागावर साडी विणायचा, ती शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची आणि त्या दोघांच्या मधे मी असायचो, डोक्यावर फुलपात्र पालथं घालून. सुताची धूळ घशात जाते, तहान फार लागते. मी दिवसभर भरत होतो आणि दिवसभर रिकामा होत होतो. चिंच लावून घासलं की असा झळकायचो की शेजारणी विचारत, "नवा घेतलास व्हय गं?"

रुक्माबाईचा एक नेम होता. दारात कुणीही येवो, सूत आणणारा, साड्या नेणारा, मीटर बघणारा, ती आधी मला पुढं करायची. पाणी पिऊन झाल्याशिवाय कामाचं बोलणं नाही. एकदा जाऊ भांडायला आली, तर तिलाही म्हणाली, "आदी पानी घे, मग भांड." जाऊ पाणी प्याली आणि भांडण अर्ध्यावर आलं. ही माझी कमाई बरं का! पुढं हातमाग गेला, यंत्रमाग आला, नवरा गेला, घरात प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. मला फळीवर चढवलं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण अडगळीत पडणं परवडलं, असं म्हणायची वेळ पुढं आली.

रुक्माबाई न्हाणीत पाय घसरून पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण तिला उठता येईना. मुलगा परशराम काकतीजवळच्या कारखान्यात, सून शाळेत नोकरीला. दोघांनी शोधाशोध केली आणि पिरनवाडीतलं एक शुश्रूषागृह निवडलं. नाव काय, तर 'मायओटी'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! दारात काचेचं तावदान, आत गुळगुळीत फरशी, आणि मधोमध एक कारंजं. दिवसभर पाणी उडायचं आणि परत त्याच कुंडात पडायचं. परशराम ते कारंजं बघूनच हरखला. रुक्माबाईनं घरातून एकच वस्तू मागून घेतली. मला.

वरच्या मजल्यावर तिची खाट होती. शेजारच्या खाटेवर काकतीचे मष्णूआप्पा, शेतात राबून वाकलेले, आता अंगाची एक बाजू लुळी पडलेली. साऱ्या मजल्याची देखभाल करायला शालूबाई एकटीच. तिच्यावर मी रागावत नाही. एका बाईनं किती जणांना उठवायचं, बसवायचं, पुसायचं? राग आहे तो व्यवस्थापक राजकुमारवर. आणखी दोन बाया ठेवण्याऐवजी त्यानं तिला एक युक्ती शिकवली. माझ्या कानांनी ऐकलं मी. "पाणी बेतानं द्यायचं. जास्त प्यायले की जास्त ओलं करतात. मग बदलत बसा."

मित्रांनो, पुन्हा वाचा ते वाक्य. माणसाला उठवावं लागू नये म्हणून त्याला पाणी द्यायचं नाही!

सकाळ-संध्याकाळ चहा आणि गोळीपुरतं अर्धं फुलपात्र पाणी, एवढंच रुक्माबाईच्या वाट्याला येई. आणि मी? मी काठोकाठ भरलेला, समोरच्या खिडकीच्या कट्ट्यावर. तिथवर तिचा हात पोचत नव्हता. ती माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं बघायचो. तिचे ओठ वाळले, मग फुटले. तिनं हाक मारावी आणि कुणी येऊ नये. मष्णूआप्पा आपल्या चांगल्या हातानं खाटेची कड वाजवायचे, तरी कुणी यायचं नाही. मला हात नाहीत, पाय नाहीत, याचं दुःख मला जन्मात कधी झालं नव्हतं. तिथं झालं.

तिनं मुलाला सांगितलं नाही असं समजू नका. परशराम रविवारी यायचा. ती म्हणाली, "परशा, पानी देत न्हाईत रं मला."

त्यानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. "आई, तांब्या भरलाय की गं. ह्यो बघ, काठापतुर हाय."

त्या क्षणी मला फुटून जावंसं वाटलं. ज्या कामासाठी तिनं मला आणलं, त्याच्या उलट मी तिच्याविरुद्ध खोटी साक्ष दिली होती. राजकुमारनं परशरामला बाजूला घेऊन समजावलं की वय झालं, भ्रम होतो, परवा तर माग बंद पडलाय म्हणून रडत होत्या. भ्रम होतच होता तिला. अंगातलं पाणी आटलं की माणूस बरळणारच! परशरामला ते पटलं. खालच्या खोलीत चहा घेऊन तो घरी गेला.

मग एके दिवशी धावपळ उडाली. शुश्रूषागृहांची सेवा कशी आहे, ते तपासून श्रेणी द्यायला एक समिती येणार होती. पडदे बदलले. चादरी बदलल्या. मला खिडकीवरून उचलून खाटेजवळच्या स्टुलावर विणलेल्या रुमालावर ठेवलं. शालूबाईनं घाईघाईत माझ्या पोटाला चिंच चोळली आणि ओल्या फडक्यानं पुसलं. आतलं पाणी मात्र तेच. ओतायला आणि भरायला वेळ होता कुठं तिला?

समितीच्या प्रमुख सौम्या मॅडम चांगल्या बाई दिसत होत्या. त्यांनी भिंतीवरचा पंखा पाहिला, जिन्याचा कठडा हलवून पाहिला, औषधांचं कपाट उघडून पाहिलं. माझ्याजवळ येऊन त्या खूश झाल्या. "नीरु इट्टिद्दारे," त्या सोबतच्या माणसाला कन्नडमध्ये म्हणाल्या. पाणी ठेवलंय म्हणे! "तेही तांब्याच्या तांब्यात. किती छान!" झालं माझं कौतुक. सगळी खोली पाहिली त्यांनी, फक्त खाटेवरच्या बाईचे ओठ पाहिले नाहीत.

आणि काय सांगू, त्याही अवस्थेत रुक्माबाईला पाहुणे आल्याचं कळलं. माझ्याकडं हात करून ती म्हणाली, "बाई, आदी पानी घ्या."

मॅडम हसल्या. "नको आजी, माझ्याकडे आहे," म्हणून त्यांनी पर्समधली बाटली दाखवली. अहो, एक घोट घेतला असता! फक्त एक घोट! सारी तपासणी त्या घोटात होती. पण समिती पुढं गेली, 'मायओटी'ला वरची श्रेणी मिळाली आणि कारंज्यासमोरच्या भिंतीवर त्या प्रमाणपत्राची तसबीर लागली.

मी परत खिडकीच्या कट्ट्यावर गेलो. त्यानंतरच्या रविवारी परशरामबरोबर इंदुताई आल्या. इंदुताई म्हणजे वडगावात रुक्माबाईच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, आयुष्यभर तिच्यासोबत कांड्या भरलेली शेजारीण. रुक्माबाईनं मुलाला ओळखलं नाही, सुनेचं नाव तिला आठवलं नाही. पण इंदुताई टेकल्या तशी ती सवयीनं पुटपुटली, "आक्का, पानी घे आदी."

इंदुताईंना तो नेम ठाऊक. शेजारणीचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्यांनी मला उचललं, फुलपात्र भरलं आणि तोंड वर करून घोट घेतला. दुसऱ्या क्षणी त्यांनी तो खिडकीबाहेर थुंकला.

"ह्ये पानी कवाचं हाय रं?" त्यांनी माझ्या आत डोकावून पाहिलं. वर धुळीचा तवंग होता, एक चिलट बुडून मेलं होतं. "परशा, हिकडं ये. घे, तू बी पी."

"काकू, मी..."

"पी म्हनलं न्हवं! तुझ्या आईला ठेवलेलं पानी हाय. तुला चालत न्हाय व्हय?"

परशरामनं घोट घेतला. त्याला तो गिळता आला नाही. तो तसाच उभा राहिला, गाल फुगलेले, डोळे आईवर. आता कुठं त्याला तिचे ओठ दिसले. इंदुताईंनी मला ओतलं, विसळलं, नळाला लावून भरलं आणि रुक्माबाईच्या ओठांशी धरलं. ती प्याली. थांबली, दम घेतला, परत प्याली. फुलपात्रावर फुलपात्र. मी तळापर्यंत रिकामा झालो. कितीतरी दिवसांनी मी माझं काम केलं.

राजकुमार धावत वर आला आणि श्रेणीबद्दल बोलू लागला. इंदुताई म्हणाल्या, "ती तसबीर पिळ आनि पाज तिला." परशरामनं आईला उचललं आणि थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काही झालेलं नाही, शरीर सुकून गेलंय. सलाइन लागलं. चार दिवसांत तिनं परशरामला नावानं हाक मारली. तो तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. रडायलाच हवं होतं त्यानं. मला त्याची दया आली नाही, खरं सांगतो.

आता रुक्माबाई वडगावच्या घरी आहे. दुपारी इंदुताई येऊन बसतात. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी रुक्माबाईनं मला हातात घेतलं, माझ्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आक्का, मष्णूआप्पाला तितं कोन इचारत आसंल गं? त्येंच्याकडं कोनच येत न्हाय. ह्यो तांब्या घिऊन जा. त्येंच्या उशाला ठेव. आनि मोकळा हुतोय का न्हाय, त्ये येऊन बघत जा."

घरातून मागून घेतलेली ती एकच वस्तूही तिनं देऊन टाकली.

म्हणून मी पुन्हा 'मायओटी'त आहे, मष्णूआप्पांच्या चांगल्या हाताला लागेल असा. तसबीर अजून भिंतीवर आहे, कारंजं अजून उडतंय आणि शालूबाई अजून एकटीच आहे. पण इंदुताई गल्लीतल्या बायका घेऊन दर रविवारी येतात आणि प्रत्येक खाटेशी बसून पाहुण्यासारखं पाणी मागतात. तेव्हापासून शनिवारी सगळी भांडी धुतली जातात. रविवारपुरती.

मित्रांनो, सोमवारी कोण येणार? तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल, तर फुलं नका आणू, फोटो नका काढू. खाटेजवळ बसा आणि पाणी मागा. तांब्या भरलेला दिसला तर खूश होऊ नका. तो उचला, प्या, आणि मग खाटेवरच्या माणसाचे ओठ बघा.

आज मंगळवार आहे. मी सकाळपासून भरलेलाच आहे. मष्णूआप्पांची बोटं माझ्या काठाला लागताहेत, पण मला उचलायचं बळ त्यांच्यात नाही. कुणीतरी या.