बायकोचं माप

उजवा स्तन काढावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर ती तडक नवऱ्याच्या शिंपीकामाच्या दुकानात आली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. त्याने मशीन थांबवलं. तेवढ्यानेच तिला धीर आला. गळ्यातली टेप काढत तो जवळ आला.

वीस वर्षं त्याने जगभराच्या बायकांचे ब्लाउज शिवले, पण बायकोचं माप कधी अंगावर घेतलं नव्हतं. तिचा जुना ब्लाउज समोर ठेवला की काम भागायचं. आज टेप पाठीवरून फिरली, हात खांद्यावर आला. आता हा जवळ घेणार, असं वाटून तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं.

“अगं, सरळ उभी राहा. माप चुकतंय.”

“अहो, मला भीती वाटतेय.”

“त्यात काय भ्यायचंय? आतून पॅड लावून देतो. कुणाच्या बापाला कळायचं नाही. ऑपरेशन सोमवारी की मंगळवारी?”

“मंगळवारी.”

“बरं झालं. सोमवारी त्या नवरीचे कपडे द्यायचेत.”

ती सरळ झाली आणि त्याने सांगायच्या आधीच, गिऱ्हाइकासारखे दोन्ही हात वर करून उभी राहिली.